कडू दुधीचा दोष कुणाचा?

रोज सकाळी दुधीभोपळ्याचा रस घ्या, साखर आणि कोलेस्टेरॉल दोन्ही उतरतील, असा सल्ला मोबाइलवर हमखास येतो. पाठवणारा ओळखीचा असतो. मूळ लिहिणारा कोण, हे त्यालाही ठाऊक नसते.

दुधी ही पथ्याची भाजी. पण एखाद्या फळात कुकरबिटासिन ही विषारी द्रव्ये वाढलेली असतात. बाहेरून ते कळत नाही. चव मात्र कडूजहर लागते. ‘औषध कडूच असते’ असे म्हणत काहीजण पेला संपवतात. थोड्याच वेळात पोटदुखी, उलट्या, जुलाब सुरू होतात. काहींना रक्ताची उलटी होते, रक्तदाब कोसळतो. या विषावर उतारा नाही. लक्षणांनुसार उपचार करावे लागतात. आपल्या देशात यामुळे मृत्यूही झाले आहेत. कडू रस पिऊ नये, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने बजावले आहे.

२०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ऑनलाइन सल्ला देणाऱ्या डॉक्टरला नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. त्याला जाब विचारता येतो. फिरत्या संदेशाला ना नाव, ना क्रमांक. मग घरात दोष येतो तो रस पिणाऱ्यावर, नाहीतर काढून देणाऱ्यावर. बोलणी बसतील म्हणून रुग्ण रसाचे नावच काढत नाही आणि निदान लांबते.

दुधीचा तुकडा आधी चाखावा. कडू लागला तर थुंकून अख्खा दुधी टाकून द्यावा. रस पिऊन त्रास झालाच, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे आणि काय प्यायलो ते आधी सांगावे. दोष कुणाचा, हा हिशेब रुग्ण बरा झाल्यावरही करता येतो.