वेगळा झारा हवा, वेगळा बाक नको

आमच्या नात्यातील पाचवीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहायची. वर्षभर पोट बिघडलेले, वजन वाढेना, अंगात रक्त कमी. कुणी जंत म्हणाले, कुणी नजर लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या. शेवटी रक्ताच्या आणि दुर्बिणीच्या तपासणीत निदान झाले : सिलिॲक.

या आजारात गहू व जव यांतील ग्लूटेन हे प्रथिन लहान आतड्याला इजा करते. तो संसर्गजन्य नाही. ही धान्ये जन्मभर वर्ज्य करणे हाच उपाय. दुसऱ्या महायुद्धात हॉलंडमध्ये पावाची टंचाई झाली, तेव्हा ही आजारी मुले सुधारू लागली. त्यावरून डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरील संशय पक्का झाला. १९५० साली त्यांनी त्यावर प्रबंध लिहिला.

मुलीच्या आईबरोबर आम्ही शाळेच्या कॅन्टीनमध्ये गेलो. चालक म्हणाले, "साहेब, चपाती नको तर वडा देतो, पोहे देतो." वरवर हे खरेच वाटले. पण वडा बेसनाचा असला तरी तळला जाई समोशाच्याच तेलात. इडलीच्या पिठात रवा. पोह्यांच्या फोडणीत हिंग, आणि हिंगाच्या डबीवर वाचले तर त्यात गव्हाचे पीठ! आपल्याकडील नियमाप्रमाणे एका किलोत २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन असेल तर पदार्थाला ग्लूटेनमुक्त म्हणता येते. म्हणजे पन्नास हजारात एक भाग. आम्ही आकडेमोड करणारे कारकून, तरी चकित झालो. समोशाचा झारा पोह्यात बुडाला की हिशेब चुकलाच.

मग डॉक्टरांचा दाखला मुख्याध्यापिकांकडे दिला. कॅन्टीनने एक कढई आणि झारा वेगळा ठेवला. सकाळी सर्वांत आधी बिनहिंगाचे पोहे होऊ लागले. शिवाय उकडलेले अंडे आणि केळे. घरून ज्वारीची, नाचणीची भाकरी. मात्र गिरणीत आधी गहू दळलेला असतो, म्हणून पीठ घरच्या घरघंटीवर. शाळेच्या पोषण आहारात तांदूळ मुख्य असतो, तरी तेथेही हिंगाची चौकशी करावी.

एके दिवशी कॅन्टीनच्या मावशींनी काळजीपोटी तिला वेगळ्या बाकावर बसवले. पोरगी रडत घरी आली. वेगळे बसवण्याचा अर्थ आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. आम्ही मावशींना म्हटले, "ताई, झारा वेगळा ठेवा, पोरीला मैत्रिणींतच बसू द्या." त्यांना ते पटले. आता ती सर्वांबरोबर जेवते.

माता-भगिनींना एवढीच विनंती : मुलाचे पोट सतत बिघडत असेल, वाढ खुंटली असेल, तर अंगारे-धुपारे न करता डॉक्टर गाठा. तपासणीआधी मात्र आपल्या मनाने गहू बंद करू नका. त्याने निदान चुकते.