हरवलेला परवाना आणि पेढीची पत

ग्वाल्हेरचा किल्ला चढू लागले की वाटेत खडकात कोरलेले चतुर्भुजाचे लहानसे मंदिर लागते. तेथील इ. स. ८७६ च्या शिलालेखात देवाच्या बागेसाठी दिलेल्या २७० हात लांब जमिनीची आणि नित्य ५० माळांची नोंद आहे. शून्याच्या अंकाकरिता हा लेख जगभर प्रसिद्ध आहे. व्यापाऱ्याने मात्र त्यातून आणखी एक बोध घ्यावा. ती बाग गेली, माळी गेले. तरी कोणी काय दिले हे आजही वाचता येते. वस्तू नष्ट होते, हक्क मात्र नोंदीच्या आधारे टिकून राहतो.

हे स्मरण होण्याचे कारण असे. आपल्या रोजमेळाची व खतावणीची जागा आता संगणकाने घेतली आहे. १९८६ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या संस्थेची ‘टॅली’ ही हिशेब प्रणाली लहानमोठ्या पेढ्यांवर रुळली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला आणि अशा प्रणालीवाचून व्यवहार कठीण झाला. परंतु पैसे मोजून आपण जे घेतो ती वस्तू नव्हे, ती वापरण्याचा परवाना होय, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. हा परवाना एका लहानशा फाईलच्या रूपाने त्या विशिष्ट यंत्राशी बांधलेला असतो. यंत्राचा मुख्य भाग बदलला, डिस्क पुसली गेली वा ती फाईल बिघडली, की प्रणाली आपल्या धन्याला ओळखीनाशी होते.

प्रस्तुत लेखक हेच दुरुस्तीचे काम करतो. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात दालबाजारातील एका धान्याच्या पेढीवरून बोलावणे आले. विजेच्या धक्क्याने संगणक जळला होता. कारागिराने आतील भाग बदलून तो सुरू केला, पण हिशेब प्रणाली केवळ शिकाऊ रूपात उघडत होती. त्या रूपात महिन्याच्या १, २ व ३१ याच तारखांच्या नोंदी करता येतात. त्या दिवशी तारीख होती ९, आणि विक्रीचे विवरणपत्र ११ तारखेच्या आत भरावयाचे होते.

“वही बुडाली का हो?” वृद्ध शेठजींनी विचारले.

“नाही शेठजी, वही शाबूत आहे. परवाना तेवढा वाट चुकला आहे.”

परवाना पुन्हा मिळविण्याची रीत सोपी आहे. अनुक्रमांक भरून मागणी करावी. कुलूप उघडण्याचा सांकेतिक अंक नोंदलेल्या ई-मेल पत्त्यावर येतो. अडचण तेथेच निघाली. नोंदलेला पत्ता चार वर्षांपूर्वी पगाराच्या वादावरून नोकरी सोडून गेलेल्या मुनीमजींचा होता. इतक्यात बाजारातील एकाने निरोप धाडला, की पाचशे रुपयांत संध्याकाळपर्यंत कुलूप तोडून देतो.

शेठजी बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी जुन्या कागदांतून खरेदीचे बिल काढविले, अनुक्रमांक माझ्या हाती दिला आणि स्वतः फोन उचलला. “मुनीमजी, तुमचे चार महिन्यांचे देणे माझ्याकडे राहिले आहे, ते घेऊन जा,” हे त्यांचे पहिले वाक्य होते. परवान्याची गोष्ट त्यांनी नंतर काढली. दहा मिनिटांत अंक मिळाला, प्रणाली पूर्ववत् झाली आणि १० तारखेच्या रात्री विवरणपत्र रवाना झाले. दुसऱ्या दिवशी मुनीमजी आले, देणे घेऊन व चहा पिऊन गेले. पत्ताही पेढीच्या नावे बदलण्यात आला.

कुलूप तोडण्यात काय वावगे होते, असे कोणी विचारील. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे व नकली मालाचा व्यवहार हे दोन्ही येतात. कायदाही तेच म्हणतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ६३-ब कलमानुसार संगणक प्रणालीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कारावास व ५० हजारांपासून २ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तोच कायदा ५२ व्या कलमात प्रामाणिक धारकाला नाश वा हानीपासून संरक्षणासाठी प्रणालीची राखीव प्रत ठेवण्याची मोकळीकही देतो. शिवाय अनोळखी हाताने तोडलेल्या कुलपातून आणखी काय आत शिरेल, याचा भरवसा कोणी द्यावा? कराच्या कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपावयाचा असतो. तो अशा हाती सोपविणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटसरूला देणे होय.

म्हणून व्यापारी बंधूंना विनंती, की परवाना नेहमी पेढीच्या नावे व पेढीच्याच ई-मेल पत्त्यावर नोंदवावा; मुनीम, मुलगा वा विक्रेता यांच्या खाजगी पत्त्यावर नव्हे. खरेदीचे बिल व अनुक्रमांक कागदावर उतरवून तिजोरीत ठेवावे. यंत्र बदलण्यापूर्वी परवाना रीतसर परत करून मग नव्या यंत्रावर घ्यावा. हिशेबाची राखीव प्रत दुकानाबाहेर असावी. दिवाळीच्या वहीपूजनाच्या दिवशी या चारही गोष्टी एकदा तपासल्या, तर ते पूजन अधिक सार्थ होईल.

आणि आम्हा दुरुस्तीवाल्यांचाही एक धर्म आहे. ग्राहकाच्या परवान्यावर स्वतःचा पत्ता घालू नये, त्याचा पासवर्ड स्वतःजवळ ठेवू नये, आणि भ्यालेल्या माणसाला प्रथम हे सांगावे की त्याची वही सुरक्षित आहे.

त्या दिवशी शेठजींना परवाना परत मिळाला, तो बिल जपले होते म्हणून आणि जुने देणे मान्य केले म्हणून. पेढीची पत याच दोन गोष्टींवर उभी असते.