काचबिंदू : दाबाचा एकच आकडा पुरेसा नाही

नेत्रतज्ज्ञांच्या अंधाऱ्या खोलीत रुग्णाने हनुवटी टेकविली, की डोळ्यात बधिरतेचे औषध आणि पिवळा रंग घातला जातो, निळा प्रकाश पुढे येतो आणि क्षणभर एक लहानशी नळी डोळ्याला टेकते. डॉक्टरांना त्या वेळी दोन हिरवी अर्धवर्तुळे दिसत असतात. चक्री फिरवून त्यांच्या आतल्या कडा जुळल्या, की कागदावर आकडा लिहिला जातो : १६, १८ किंवा २४. रुग्ण तो आकडा घेऊन घरी येतो आणि ‘दाब नॉर्मल आहे’ म्हणून वर्षभर निश्चिंत राहतो. एका संध्याकाळची गल्ल्यातील शिल्लक पाहून कोणताही व्यापारी धंद्याची स्थिती ठरवीत नाही. डोळ्यांच्या बाबतीत मात्र ही चूक सर्रास होते.

डोळ्याच्या पुढील भागात एक स्वच्छ द्रव अखंड तयार होत असतो आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होत असतो. निचरा अडला, की आतील दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टी नेणाऱ्या नसेचे तंतू हळूहळू मरू लागतात. बहुतेक रुग्णांना वेदना होत नाहीत. प्रथम बाजूचे दिसणे कमी होते; समोरचे अक्षर शेवटपर्यंत वाचता येत असल्याने संशयही येत नाही. मोतीबिंदूप्रमाणे ‘पिकला की काढू’ असे येथे चालत नाही, कारण काचबिंदूने गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाही. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दक्षिण तामिळनाडूतील चाळिशी ओलांडलेल्या ५,१५० व्यक्तींची पाहणी करून २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना काचबिंदू आढळला, त्यांतील शंभरात नव्वदांहून अधिक लोकांचे निदान तोपर्यंत झालेलेच नव्हते.

दाब मोजण्याची विद्या शतकाहून जुनी आहे. नॉर्वेचे श्यॉट्स यांनी १९०५ मध्ये वजन टेकवून दाब मोजण्याचे उपकरण पुढे आणले. रुग्णाला त्यासाठी आडवे निजावे लागे. पुढे १९५० च्या दशकात स्वित्झर्लंडमधील बर्न येथे हान्स गोल्डमान यांनी आजही प्रमाण मानली जाणारी पद्धत सिद्ध केली. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाचा ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट करण्यास किती जोर लागतो, यावरून आतील दाब काढायचा, हे तिचे तत्त्व. मात्र तिचा हिशेब या पटलाची जाडी साधारण ५२० मायक्रॉन धरून केलेला आहे. पटल जाड असेल तर दाब खऱ्यापेक्षा जास्त भरतो, पातळ असेल तर कमी. चष्मा घालविण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांचे पटल पातळ झालेले असते. त्यांचा आकडा फसवा असू शकतो, म्हणून ती शस्त्रक्रिया डॉक्टरांपासून कधीही लपवू नये. अमेरिकेत दाब जास्त, पण नस शाबूत असलेल्या १,६३६ जणांचा मोठा अभ्यास झाला. त्यात औषध घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्क्यांना, तर न घेणाऱ्यांपैकी ९.५ टक्क्यांना पाच वर्षांत काचबिंदू जडला. आणि पातळ पटल हे धोक्याचे एक ठळक लक्षण ठरले.

दाबाची २१ ही प्रचलित मर्यादाही लक्ष्मणरेषा नव्हे. जपानमधील ताजिमी शहराच्या पाहणीत खुल्या कोनाच्या काचबिंदूचे जे रुग्ण आढळले, त्यांतील ९२ टक्क्यांचा दाब २१ किंवा त्याहून कमी होता. शिवाय हा आकडा दिवसभर स्थिर राहत नाही. माणूस आडवा झाला की तो वाढतो, आणि पुष्कळांचा दाब रात्री किंवा पहाटे सर्वाधिक असतो, म्हणजे दवाखान्याला कुलूप असते तेव्हा.

दाब नॉर्मल असूनही नस का वाळावी? याचे एक उत्तर रक्तपुरवठ्यात आहे. बर्लिनचे ग्रेफ यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नव्याने आलेल्या नेत्रदर्शकातून काचबिंदूच्या डोळ्यात रक्तवाहिनीचे ठोके दिसले होते. आतील दाब इतका चढतो, की दोन ठोक्यांच्या मध्ये रक्ताची वाट बंद होते, हा त्याचा अर्थ. हिशेब सोपा आहे. रक्तदाबाच्या खालच्या आकड्यातून डोळ्याचा दाब वजा करावा. रक्तदाब १२०/८० आणि डोळ्याचा दाब १६ असेल, तर शिल्लक ६४. रात्री झोपेत खालचा आकडा ५२ वर आला आणि डोळ्याचा दाब २४ वर गेला, तर शिल्लक अवघी २८. अमेरिकेतील बाल्टिमोर शहराच्या पाहणीत ही शिल्लक ३० च्या खाली असलेल्यांमध्ये काचबिंदूचे प्रमाण सुमारे सहापट आढळले. पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेतील आयोवा येथे संशोधन केलेले डॉ. सोहनसिंग हयरे यांनी या नसेच्या रक्तवाहिन्यांचा आयुष्यभर अभ्यास केला आणि रात्री उतरणाऱ्या रक्तदाबाकडे १९९० च्या दशकात लक्ष वेधले.

घराघरांत रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेतली जाते आणि नेत्रतज्ज्ञांना त्याची कल्पनाही नसते. गोळी आपल्या मनाने बंद करणे हा अर्थातच आत्मघात होय. परंतु तिचे नाव आणि वेळ दोन्ही डॉक्टरांना ठाऊक असणे आवश्यक आहे. काचबिंदूचे टिमोलॉलसारखे थेंबही शरीरात शोषले जाऊन नाडी व रक्तदाब कमी करू शकतात, आणि दमा असलेल्यांना ते घातक ठरू शकतात.

रक्ताचा ओघ प्रत्यक्ष मोजण्याचे प्रयत्न बरेच झाले. डॉपलर सोनोग्राफीने डोळ्यामागील रक्तवाहिन्यांतील वेग कळतो. ओसीटी अँजिओग्राफी या नव्या तपासणीत सुई न टोचता नसेभोवतीच्या केशवाहिन्यांचे जाळे दिसते आणि ते विरळ झाले आहे का, हे कळते. पण या आकड्यांवरून उपचार ठरवावेत इतकी त्यांची खात्री अजून पटलेली नाही, आणि रक्तपुरवठा वाढवून काचबिंदू थांबविणारे औषधही सिद्ध झालेले नाही. आजवर सिद्ध झालेला उपाय एकच : दाब उतरविणे. म्हणून ‘रक्ताभिसरण सुधारणारी’ महाग पावडर घेऊन थेंब सोडून देणारा मनुष्य भांडवल मोडून खात असतो.

काही सवयीही तपासून पाहण्यासारख्या आहेत. भारतातच योगाभ्यासींवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शीर्षासनात डोळ्याचा दाब दुप्पट झालेला आढळला. काचबिंदू असलेल्यांनी ते आसन टाळावे. थोड्या वेळात लिटरभर पाणी प्यायले असता दाब काही काळ चढतो, इतका की याच गोष्टीचा पूर्वीपासून चाचणी म्हणून उपयोग होतो. सूर्यास्तापूर्वी घाईने तांब्यावर तांब्या रिकामा करणाऱ्या रुग्णांनी तेच पाणी दुपारपासून थोडे थोडे घ्यावे. चोविहारास त्याने बाधा येत नाही. डोळे लाल झाले म्हणून औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडचे थेंब परस्पर आणून महिनोन्‌महिने घालणे तर सर्वांत वाईट, कारण त्यानेही दाब वाढतो आणि तो वाढलेला कळत नाही.

एका भावाला काचबिंदू निघाला, तर सख्ख्या भावंडांचा धोका इतरांहून कितीतरी अधिक असतो. एकाच पेढीवर बसणारे चार भाऊ एकाच दिवशी तपासणीस गेले तर दुकान अर्धा दिवस बंद राहील. जाताना जुने चष्म्याचे नंबर, दाबाचे आकडे, दृष्टिक्षेत्राचे कागद आणि चालू गोळ्यांची यादी एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून न्यावी. नेत्रतज्ज्ञ पहिल्यांदा त्यातील सर्वांत जुना कागद मागतील.