धोतऱ्याची साक्ष कोण देणार?

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ताच्या औषधी द्रव्यांवरच्या ग्रंथातला विसावा संवाद कित्येक वर्षं माझ्या मागे लागला आहे. विषय दोन: धोतरा आणि दुरियन. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात छापून पूर्ण झालेल्या या ग्रंथात एरवी सगळं शिस्तीत चालतं. रुआनो नावाचा काल्पनिक पाहुणा शंका विचारतो, ओर्ता उत्तर देतो आणि हिंग, कापूर, वेलची, अफू अशी एकेक वस्तू पुढे येते. धोतऱ्याच्या वेळी मात्र एक मोलकरीण निरोप घेऊन येते. घरातल्या एका ‘काळ्या’ बाईनं मालकिणीला धोतरा घातला. किल्ल्या घेतल्या, गळ्यातले आणि पेटीतले दागिने घेतले आणि ती एका पुरुषाबरोबर पळून गेली. वैद्यांनी लगेच यावं.

ओर्ता जातो तर मालकीण हसते आहे. काय गेलं, कुणी नेलं, काहीही विचारा, ती हसते. ओर्ता सांगतो, की धोतरा खाल्लेला माणूस असाच असतो. बोलतो थोडं, तेही असंबद्ध; हसतो फार; आणि अंगावरचे दागिने कुणी उतरवून घेतले तर खुशाल घेऊ देतो. अंमल साधारण एक दिवस टिकतो. चोरांना याहून सोयीचं काय हवं?

ओर्ताचा अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशी असलेला स्नेह, मुंबई बेटाचा त्याच्याकडे असलेला पट्टा, १५६९ मध्ये इन्क्विझिशन या चर्चच्या धर्मन्यायालयानं जाळलेली त्याची बहीण कातारीना आणि १५८० मध्ये उकरून जाळलेली त्याची स्वतःची हाडं, हे सारं अनेकांनी लिहून झालं आहे. मला रस आहे तो त्या पानावरून दागिने घेऊन पळालेल्या बाईत.

तिला नाव नाही. ओर्ताच्या घरातली अंतोनिया ही गुलाम मुलगी ग्रंथात नावानिशी वावरते. हिला ते भाग्य नाही. तिचा मुलूखही कळत नाही, कारण पोर्तुगीजांच्या लेखी आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि कोकण-मलबारातली माणसं, सगळी ‘काळी’च. एवढं नक्की, की तिला मात्रा ठाऊक होती, आणि धोतऱ्यात तीच सर्वांत अवघड गोष्ट आहे. एका झुडपाच्या विषाचा जोर दुसऱ्यात नसतो. मूळ, पान आणि बी यांतही तो सारखा नसतो. कमी पडलं तर मालकीण आरडाओरडा करणार, जास्त झालं तर जीव जाणार. इथे मालकीण हसत बसली होती. वैद्य क्रिस्तोबाल आकोस्तानं १५७८ मध्ये स्पेनमधल्या बुर्गोसला छापलेल्या आपल्या ग्रंथात असं नोंदवलं आहे, की हवे तितकेच तास अंमल राहील अशा बेतानं धोतरा देण्यात हिंदुस्थानातल्या गणिका तरबेज आहेत. अतिशयोक्ती वजा केली तरी हे ज्ञान बायकांकडे होतं, तेही समाजानं खाली ढकललेल्या बायकांकडे. ते त्यांना विचारून कुणी लिहून घेतलं नाही. ओर्तानंही नाही. बंदरावर आलेल्या प्रत्येक व्यापाऱ्याला प्रश्न विचारून भंडावणाऱ्या माणसानं या एका ठिकाणी कुतूहल आवरतं घ्यावं, हे मला खटकतं.

आणि हा खटका फक्त त्या बाईपुरता नाही. ज्यांनी धोतरा खाल्ला त्यांचीही साक्ष आपल्याकडे नाही.

याच ग्रंथातला भांगेचा संवाद शेजारी ठेवून पाहावा. तिथे गुजरातचा सुलतान बहादूरशहा पोर्तुगीज सरदार मार्तिम आफोन्सो द सौझाला स्वतः सांगतो, की रात्री पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्तान, अरबस्तान, इराण इथे जाऊन यावंसं वाटलं की मी थोडी भांग घेतो. ओर्ताचे नोकरही सांगतात, की भांग घेतली की कामाचा शीण वाटत नाही, मन खूश राहतं आणि भूक लागते. भांगेचा अंमल घेऊन आलेला माणूस परतून हकीगत सांगतो. मेक्सिकोतल्या भास घडवणाऱ्या बुरशीचं, पेयोटे निवडुंगाचंही तसंच. डोळे मिटले की दिसणाऱ्या आकृत्या, रंगांना येणारं तेज, काळ लांबल्याचा भास यांची वर्णनं घेणाऱ्यांनीच पानंच्या पानं भरून लिहिली आहेत. समोर दिसतंय ते औषधानं दाखवलेलं आहे, हे त्यांना बहुतेक वेळा कळत असतं.

धोतऱ्यात नेमकं तेच भान जातं. ज्याच्या अंगात तो भिनला आहे त्याला देव दिसत नाहीत, रंगांची कारंजी दिसत नाहीत. त्याला दिसतात साध्या गोष्टी. खाटेच्या कडेला बसलेला गावाकडचा भाऊ, हातातली विडी, जमिनीवरून सरकणारे किडे. तो भावाशी बोलतो, विडी ओढतो, बोटांतून ती नाहीशी झाली की अंथरुणात शोधतो. न्यायवैद्यकाच्या भारतीय पाठ्यपुस्तकांत एक खूण वर्षानुवर्षं दिली जाते: रोगी बोटांच्या टोकांतून नसलेले धागे ओढतो, नसलेल्या सुईत दोरा ओवतो, चादर चिमटीत धरून वेचत राहतो. तोंड कोरडं, गिळता येत नाही, त्वचा तापलेली आणि लाल, लघवी अडलेली, बाहुल्या इतक्या मोठ्या की बुबुळाची फक्त कड उरते. जवळचं सगळं अंधुक दिसतं, कारण डोळ्यातलं भिंग जवळच्या वस्तूवर नेमणारा स्नायू लुळा पडलेला असतो. अंमल उतरला की मधले तास पुसलेले असतात.

याची कारणं आता पुष्कळशी उलगडली आहेत. धोतऱ्यातली हायोसायमिन, स्कोपोलामिन ही द्रव्यं मज्जातंतूंमधल्या अ‍ॅसिटिलकोलिन या निरोप्याची वाट अडवतात. एलएसडी किंवा बुरशीतलं सायलोसिबिन यांचं काम सेरोटोनिनच्या एका ग्राहकावर चालतं. दोन्हींना ‘भास घडवणारी द्रव्यं’ या एकाच नावाखाली घालणं मला तरी पटत नाही. बाहेरून येणाऱ्या दृश्य-ध्वनींवर किती भरवसा ठेवायचा आणि आतल्या आठवणी-अपेक्षांवर किती, हे ठरवण्यात अ‍ॅसिटिलकोलिनचा मोठा वाटा असतो, अशी एक भक्कम मांडणी आहे. तो वाटा काढून घेतला की मेंदू आठवणीतूनच समोरचं जग उभं करतो आणि त्यावर शंका घेणारं कुणी उरत नाही. याला दुजोरा देणारी एक गोष्ट धोतऱ्याशी संबंध नसलेल्या आजारात सापडते. लुई बॉडी डिमेन्शियात मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिन फार घटतं, आणि त्या वृद्धांना घरात अनोळखी माणसं, मुलं, प्राणी अगदी स्पष्ट दिसतात. अ‍ॅसिटिलकोलिन टिकवून धरणारं रिव्हास्टिग्मिन दिलं की हे भास कित्येकदा कमी होतात.

म्हणजे धोतऱ्याचा इतिहास, खाणारा विसरल्यावर, पाहणाऱ्यांनीच लिहिला. आणि पाहणाऱ्यांचे हितसंबंध होते. यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ मध्ये छापलेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्यानं लिहिलं, की गोव्यातल्या पोर्तुगीज आणि मिश्र घराण्यांतल्या बायका नवऱ्याला धोतरा देतात. तो उघड्या डोळ्यांनी हसत बसतो आणि त्याच्यासमोर बायको प्रियकराबरोबर असते. थंड पाण्यानं पाय धुतले की तो शुद्धीवर येतो आणि आपल्याला झोप लागली होती असं समजतो. पुढच्या युरोपीय प्रवाशांनी ही गोष्ट भक्तिभावानं गिरवली. मला तिच्यात औषधापेक्षा नवऱ्यांची धास्ती जास्त दिसते. भर अंमलात असलेला माणूस इतक्या शहाण्यासारखा एका जागी बसत नाही. तो धडपडतो, भिंतीला धडकतो, कपडे काढतो, हिंसकही होतो. व्हर्जिनियात १६७६ मध्ये जेम्सटाउनच्या सैनिकांनी धोतऱ्याची पानं भाजी म्हणून शिजवून खाल्ली, त्याची नोंद इतिहासकार रॉबर्ट बेव्हर्लीनं १७०५ मध्ये केली. एक सैनिक पीस फुंकून उडवतो, दुसरा त्याच पिसावर गवताच्या काड्या फेकतो, तिसरा नागवा कोपऱ्यात बसतो. स्वतःला इजा करून घेतील म्हणून त्यांना कोंडून ठेवावं लागलं. अकरा दिवसांनी भानावर आले तेव्हा कुणालाच काही आठवत नव्हतं.

विसाव्या शतकात हे विस्मरण डॉक्टरांनी मुद्दाम वापरलं, तेही पुन्हा बायकांवरच. जर्मनीतल्या फ्रायबुर्गला क्रोनिश आणि गाउस यांनी प्रसूतीसाठी मॉर्फिन आणि स्कोपोलामिन यांची ‘संधिनिद्रा’ लोकप्रिय केली. स्त्री कळांनी ओरडत असे, हातपाय झाडत असे, तिला आवरून धरावं लागे. जाग आल्यावर ती सांगे, मला काहीच दुखलं नाही. तिचा अनुभव घडला होता. फक्त त्याची साक्ष काढून घेतली होती. त्या हसणाऱ्या मालकिणीचं आणि या बायकांचं दुःख मला एकाच जातीचं वाटतं.

ब्रिटिश काळात साक्षीदार म्हणून पोलीस आणि रासायनिक विश्लेषक आले. रस्त्यांवर, धर्मशाळांत वाटसरूंना मिठाईतून, पिठातून, डाळीतून धोतरा घालून लुटणाऱ्यांचे खटले नॉर्मन चेव्हर्सच्या १८५६ च्या न्यायवैद्यकावरील ग्रंथात भरपूर आहेत. शुद्धीवर आलेला वाटसरू काहीच सांगू शकत नाही, तेव्हा न्यायालयानं निर्णय करायचा कशावर? बियांवर. इथे एक झकास शास्त्र उभं राहिलं. ताटात उरलेलं बी मिरचीचं की धोतऱ्याचं? मिरचीचं बी पातळ, फिकट पिवळं, गुळगुळीत, तिखट. धोतऱ्याचं तपकिरी, मूत्रपिंडाच्या आकाराचं, अंगावर बारीक खळगे, फुगीर कडेला दुहेरी धार, चवीला कडू. तरीही खात्री नसेल तर बी उभं कापून भिंगाखाली धरायचं. मिरचीत गर्भाचं टोक आत वळतं, धोतऱ्यात बाहेर. आणि बीच सापडलं नाही तर रोग्याच्या लघवीचा थेंब मांजराच्या डोळ्यात. बाहुली मोठी झाली की संशय पक्का. ही पद्धत वाचताना त्या मांजराची कीव येते, पण बिनसाक्षीच्या गुन्ह्यात साक्ष उभी करण्याची ती धडपड मला आवडते.

आता एक भांडण. वनस्पतीशास्त्रज्ञांपैकी अनेकांच्या मते धोतऱ्याची सगळीच प्रजाती मुळात अमेरिकेची. सायमन आणि हेगी यांनी १९९१ मध्ये ठामपणे तसं मांडलं. म्हणजे तो कोलंबसानंतर आपल्याकडे आला असं म्हणावं लागेल. असं असेल तर सुश्रुतसंहितेत पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर पुनर्नव्याबरोबर सांगितलेला धत्तूर कोणता? कामसूत्रातला कोणता? आर. गीता आणि वलीद घरैबेह यांनी २००७ मध्ये ‘जर्नल ऑफ बायोसायन्सेस’मध्ये संस्कृत आणि अरबी उल्लेख मांडून असा निष्कर्ष काढला, की धोतरा कोलंबसाच्या कितीतरी शतकं आधी या खंडात होता. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे आणि त्याला कारण ओर्ताचं तेच पान आहे. कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ मध्ये. ग्रंथ १५६३ चा. एकाहत्तर वर्षांत एक परकं झुडूप येतं, रुजतं, देशी नाव मिळवतं आणि चोरांच्या हातात मुरलेल्या कसबासारखं चालू लागतं, हे मला पटत नाही. त्या पळालेल्या बाईच्या हातात फार जुनं ज्ञान होतं.

आज महाराष्ट्रात हा अंमल पाहायचा तर विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत जावं लागेल, तोही धोतऱ्यामुळे नव्हे. कपाशीवर फवारणी करताना अंगात गेलेल्या किंवा जीव द्यायला प्यालेल्या ऑर्गॅनोफॉस्फरस कीटकनाशकानं अंगात अ‍ॅसिटिलकोलिनचा पूर येतो. लाळ, घाम, छातीत पाणी, श्वास अडतो. त्यावर देतात ते अ‍ॅट्रोपिन धोतऱ्याच्या कुळातलंच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीनं शेतकरी-शेतमजूर दगावले तेव्हा विषबाधा हा शब्द घरोघरी गेला, अ‍ॅट्रोपिन हा शब्द मात्र डॉक्टरांपुरताच राहिला. छाती मोकळी होईपर्यंत ते वाढवत न्यावं लागतं आणि मात्रा थोडी पुढे गेली, की तोच शेतकरी चादर वेचू लागतो, नसलेल्या माणसांना हाका मारू लागतो. नातेवाइकांना वाटतं, डोक्यावर परिणाम झाला. उतारा आणि उन्माद यांच्यातली ती अरुंद वाट रात्रपाळीचे तरुण निवासी डॉक्टर रोज चालतात. गोव्यातल्या त्या बाईला जमलेलं मात्रेचं कसब आता त्यांच्याकडे आलं आहे, फरक इतकाच की ते जीव वाचवायला.

गणपतीच्या एकवीस पत्रींत धोतऱ्याचं पान असतं, महाशिवरात्रीला त्याचं फूल आणि काटेरी फळ बाजारात येतं. पूजेला त्यानं कधी कुणाचं नुकसान केलेलं नाही. नुकसान होतं ते निर्माल्यातलं फळ मुलांनी फोडून बिया तोंडात घातल्यावर, किंवा ‘नैसर्गिक आहे, काय होतंय’ म्हणून तरुणांनी गंमत करून पाहिल्यावर. या झुडपात गंमत नाही. खाणाऱ्याला ती आठवणारही नाही आणि काही वेळा तो उठणारही नाही. म्हणून वाचकांना एवढंच सांगायचं आहे: पत्री हाताळल्यावर हात धुवा, डोळ्यांना लावू नका, फळं मुलांच्या हाती पडू देऊ नका. कोरडं तोंड, मोठ्या बाहुल्या, तापलेलं अंग आणि असंबद्ध बडबड एकत्र दिसली तर बाहेरचं काही झालं असेल म्हणून अंगारा-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. थेट रुग्णालय गाठा आणि जवळपास जे बी, फळ किंवा उरलेलं अन्न सापडेल ते पुडीत बांधून सोबत न्या. रोगी काही सांगू शकणार नाही. डॉक्टरांना त्या बियाच सांगतील.