जुन्या वृत्तपत्रांतील भूकंपनोंदी

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळच्या भूकंपक्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याचा म्हणून दाखविलेला होता. असे नकाशे बव्हंशी पूर्वी झालेल्या भूकंपांच्या नोंदींवरून तयार होतात. जेथे नोंद नाही, तेथील भूमी शांत आहे असा समज सहज होतो. म्हणूनच जुन्या नोंदींचा शोध महत्त्वाचा ठरतो.

आपल्या देशात भूकंपमापक यंत्र प्रथम बसविले गेले ते १८९८ साली, कलकत्त्यानजीक अलीपूर येथे. त्यापूर्वीच्या काळासाठी दप्तरे, पत्रव्यवहार आणि वृत्तपत्रे हीच साधने होत. भूवैज्ञानिक टॉमस ओल्डहॅम यांनी भारतातील भूकंपांची अशी सूची सिद्ध केली. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या पुत्राने ती पूर्ण केली व १८८३ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

वृत्तपत्रातील मजकुरावरून भूकंपाचे मोजमाप कसे करतात? टांगलेले दिवे हलले, निजलेली माणसे जागी झाली, भिंतींना तडे गेले, घरे कोसळली, असे परिणामांचे चढते टप्पे ठरलेले आहेत. त्यांवरून प्रत्येक गावातील तीव्रतेला अंक देतात. हे अंक नकाशावर मांडून समान तीव्रतेच्या स्थळांभोवती रेषा काढल्या, की भूकंपाचे केंद्र कोठे असावे आणि तो कितपत मोठा होता, याचा अंदाज बांधता येतो.

मात्र या कामी सावधगिरी हवी. बातमी छापल्याची तारीख म्हणजे भूकंपाची तारीख नव्हे. एकाच धक्क्याचे वृत्त निरनिराळ्या पत्रांत वेगवेगळ्या दिवशी आल्यास एकाचे दोन भूकंप मोजले जाण्याचा संभव असतो. भारतीय प्रमाणवेळ १९०६ साली सुरू झाली. त्यापूर्वी गावोगावची घड्याळे निरनिराळी वेळ दाखवीत. मातीची भिंत पडणे आणि पक्क्या बांधकामाची इमारत पडणे यांतही फरक केला पाहिजे. शिवाय मराठीतील पहिले वृत्तपत्र ‘दर्पण’ १८३२ साली निघाले. छापखाने व बातमीदार बहुधा शहरांत असत. त्यामुळे आडगावच्या भूकंपाची बातमी आली नाही, एवढ्यावरून तेथे भूकंप झालाच नाही असे म्हणता येत नाही.

किल्लारी परिसरात १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही धक्के जाणवले होते. लहान धक्क्यांनंतर मोठा भूकंप होतोच असे नाही आणि त्यावरून भाकीतही करता येत नाही. तथापि, त्यांच्या नोंदींतून त्या भूभागाचा इतिहास साकार होतो.

या कामात ग्रामपंचायती व शाळा मोलाचे साहाय्य करू शकतील. धक्का जाणवताच तारीख, घड्याळातील वेळ, गाव, हललेल्या वा पडलेल्या वस्तू आणि पडझड झालेल्या घरांच्या बांधकामाचा प्रकार एका वहीत लिहून ठेवावा व ही माहिती तहसील कार्यालयास कळवावी. शेजारच्या गावी काहीच जाणवले नसेल, तर तेही अवश्य नोंदवावे. समान तीव्रतेच्या रेषा आखताना अशी नोंदही तितकीच उपयोगी पडते.