तिघांची मोटार

मोटारीला नाव काळ्या बिबट्याचे, आणि तोही आपल्याकडचा! मुंबईत १८६५ साली जन्मलेल्या किपलिंगने मोगलीला जो बघीरा सोबती दिला, त्याचेच नाव फ्रान्सच्या मात्रा कंपनीने १९७३ साली आपल्या नव्या स्पोर्ट्‌स मोटारीला दिले. नोकरीनिमित्त लियोंमध्ये बिऱ्हाड केल्यापासून या बघीराने मला झपाटले आहे.

या गाडीचे एंजिन बसणाऱ्यांच्या पाठीशी, मागच्या चाकांच्या अलीकडे आडवे बसवलेले असते. वजन मध्याजवळ राहते, म्हणून वळणावर ती चटकन वळते. अशा रचनेच्या इटालियन गाड्यांचे नाव काढण्याचीही आमची ऐपत नाही. मात्राने ल मान्सची शर्यत १९७२, ७३ आणि ७४ अशी लागोपाठ जिंकलेली. पण बघीरात एंजिन घातले ते सिम्का या घरगुती गाडीच्या जातीचे. सुरुवातीची अश्वशक्ती अवघी ८४! खरी मौज बैठकीची. स्पोर्ट्‌स गाडीत बहुधा दोघांचीच सोय. इथे तिघे शेजारी शेजारी बसतात. आमच्या घरातही माणसे तीनच.

आजही धडकी बघीरा नव्या लहान मोटारीपेक्षा कमी पैशांत मिळू शकते. मग घोडे अडते कुठे? तिचे कवच पॉलिएस्टरचे, ते गंजत नाही. आतला सांगाडा मात्र पोलादी पत्र्याचा, आणि गंजापासून त्याचे रक्षण यथातथाच. वरून नवरी, आतून वाळवी! जर्मनीच्या मोटार संघटनेने १९७५ साली तिला ‘रुपेरी लिंबू’ बहाल केले. हा मान खराब बनावटीचा, हे सांगायला नकोच. सत्तेचाळीस हजारांवर बघीरा निघाल्या, त्यांतल्या बहुतेक गंजाने खाल्ल्या.

मी पाहिलेली निळी बघीरा मालकाने धुऊन लखलखीत ठेवली होती. माझ्याबरोबर शेजारचे निवृत्त फिटर आजोबा होते. ते कोट काढून सरळ गाडीखाली शिरले, आणि त्यांचा स्क्रूड्रायव्हर सांगाड्यात लोण्यात सुरी जावी तसा गेला. मालक काही बोलला नाही. आम्हीही नमस्कार करून निघालो.

आजोबांनीच मुरेनाचे नाव सुचवले. १९८० साली बघीराच्या जागी आलेली ही तिची धाकटी बहीण. नाव वामेसारख्या एका समुद्री माशाचे, बैठक तिघांचीच. पण सांगाड्याला जस्ताचा मुलामा. १९८३ पर्यंत जेमतेम साडेदहा हजार निघाल्या. तिच्यातही एक गोम आहे : मागच्या चाकांना धरणारे बाहू मुलाम्याविना राहिले. तेवढे ठोकून पाहावे. एंजिनाचे भाग मिळतात, कवचाचे तुकडे आणि काचा शोधाव्या लागतात. सहा महिन्यांच्या आतला तपासणीचा दाखला विक्रेत्याने द्यावा असा इथला कायदा आहे. तो हातात पडल्याशिवाय पाकीट काढू नये.

पैसे स्वयंपाकघराच्या दुरुस्तीसाठी साठवलेले. सौभाग्यवतींची परवानगी मिळणे हे एंजिन काढण्याहून अवघड काम! गेल्या रविवारी त्या लाल मुरेना पाहायला आल्या, त्या नाही म्हणायच्या तयारीनेच. चिरंजीव मधल्या जागेवर बसले आणि दोन्हीकडे हात पसरून आम्हांला बोलावू लागले. सौभाग्यवतींनी मालकाला पहिला प्रश्न विचारला, “मागचे बाहू बदललेत का?”

बदललेले नव्हते. तेवढे पैसे किमतीतून वजा करून घेतले, आणि बयाणा त्यांनीच दिला.