झोपणे आणि झोप लागणे

‘रात्री दहालाच झोपलो, पण दोनपर्यंत झोप लागली नाही’ हे वाक्य कोणाही मराठी माणसाला विचित्र वाटत नाही. झोपणे ही आपण करण्याची गोष्ट आहे. झोप लागणे ही आपल्या बाबतीत घडणारी. भूक लागते, तहान लागते, उचकी लागते, तशीच झोप लागते. तिचे कर्तेपण आपल्याकडे नसते. निद्रानाशाविषयी गेल्या काही वर्षांत मी जे वाचले आणि त्यातले जे स्वतः करून पाहिले, त्याचे सार मला या दोन क्रियापदांमधल्या अंतरात सापडले. झोप लागणे आपल्या हाती नाही. आडवे कधी व्हायचे आणि उठायचे कधी, हे मात्र आहे.

झोप लागते कशी, याचे आजही आधाराला घेतले जाणारे स्पष्टीकरण झुरिचचे संशोधक अलेक्झांडर बोर्बेली यांनी १९८२ साली मांडले. त्यांच्या मते दोन प्रक्रिया एकाच वेळी चालू असतात. पहिली म्हणजे झोपेची साठत जाणारी भूक. आपण जितके तास जागे राहतो तितकी ती वाढते आणि झोपेत फिटते. मेंदूत दिवसभर साचणारे अ‍ॅडेनोसिन हे रसायन या भुकेचा एक वाहक आहे. चहा-कॉफीतले कॅफीन या अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसते. शरीरात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचचा चहा रात्री दहालाही अर्धा शिल्लक असतो.

दुसरी प्रक्रिया म्हणजे शरीरातले घड्याळ. १७२९ साली द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने दिवसा पाने उघडणारी आणि रात्री मिटणारी, लाजाळूच्या जातीची वनस्पती काळोखात ठेवली. सूर्य दिसत नसतानाही पानांची उघडमीट वेळेवर चालूच राहिली. माणसाच्या मेंदूत हे काम सुमारे वीस हजार चेतापेशींचा एक लहानसा पुंजका करतो आणि सकाळचा उजेड त्याला रोज वेळेवर आणतो. फळमाशीत अशा घड्याळाची पेशींमधली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भूक पुरेशी साठलेली आणि घड्याळात रात्र झालेली, असा मेळ बसला की झोप लागते. मग काहींचा हा मेळ वर्षानुवर्षे का बिघडतो? आठवड्यातून किमान तीन रात्री आणि किमान तीन महिने ही तक्रार राहिली, तर तिला जुनाट निद्रानाश म्हणतात. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी त्याच्या कारणांचे तीन थर सांगितले: मुळातली प्रवृत्ती, सुरुवात करून देणारा प्रसंग आणि तक्रार टिकवून धरणाऱ्या सवयी. माझ्याबाबतीत प्रसंग अगदी ठळक होता. वडील अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागे. ते गेले, माझी दर दोन तासांची जाग गेली नाही. वर्ष उलटले तरी मी मध्यरात्री टक्क जागी असे आणि शेजारच्या खोलीची चाहूल घेत असे. कारण संपले तरी निद्रानाश उरतो, हे स्पीलमन यांचे म्हणणे मला पुस्तकात भेटण्याआधीच ठाऊक झाले होते.

तिसऱ्या थरातल्या सवयी वरकरणी शहाणपणाच्याच वाटतात. झोप झाली नाही म्हणून रात्री लवकर पडावे, सकाळी उशिरापर्यंत लोळावे, दुपारी डुलकी काढावी, असे घरचे प्रेमाने सांगतात. परंतु दुपारची डुलकी रात्रीची भूक मारते, आणि अंथरुणात घालवलेले जास्तीचे तास जागेपणीच सरतात. मग पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटावी, तशी आपल्याला उशी दिसताच जाग येते. सोफ्यावर पेंगणारा माणूस पलंगावर गेल्यावर टवटवीत होतो, त्याचे कारण हेच.

हे नाते तोडण्याचे नियम रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ मध्ये मांडले. डोळे जड झाल्याशिवाय आडवे होऊ नये. अंथरुणात वाचन, मोबाइल, हिशेब, काळजी यांपैकी काही नको. साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात काहीतरी शांत करावे. पेंग आली की परतावे. वीस मिनिटे अंदाजानेच मोजावीत, घड्याळाकडे पाहू नये. रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ तीच ठेवावी.

स्पीलमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत याहून कडक आहे. तिच्यात अंथरुणातला वेळच कमी करतात. आधी एक-दोन आठवडे रोजची नोंद ठेवायची. माझी नोंद अशी होती: रात्री दहा ते सकाळी साडेसहा, म्हणजे साडेआठ तास अंथरुणात, आणि त्यात झोप सरासरी साडेपाच तास. अंथरुणातल्या वेळेपैकी जेमतेम पासष्ट टक्के. समुपदेशक बाईंनी मला साडेपाचच तास दिले: रात्री बारा ते पहाटे साडेपाच. पहिला आठवडा फार जड गेला. नऊ वाजता डोळे मिटू लागत आणि बारापर्यंत मी उभ्याने कपड्यांच्या घड्या घालत असे. पण साठलेली भूक आपले काम करते. तिसऱ्या आठवड्यात बाराला पडले की काही मिनिटांत डोळा लागू लागला. झोपेचे प्रमाण पंचाऐंशी टक्क्यांच्या वर टिकले, की पंधरा मिनिटे वाढवून मिळत. अशी चार वेळा वाढ होऊन मी अकरा ते साडेपाच या वेळेवर स्थिरावले.

मनाचे काय? झोपेचा पाठलाग केला की ती लांब पळते. व्हिक्टर फ्रँकल यांनी म्हणूनच उलटी सूचना दिली होती: डोळे उघडे ठेवून जागे राहण्याचा प्रयत्न करा. मनगटावरच्या यंत्रात ‘परिपूर्ण’ झोपेचे आकडे शोधत राहणाऱ्यांच्या अस्वस्थतेला तर २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असे नावच मिळाले. उद्याच्या कामांनी डोके भणभणत असेल तर ती कागदावर उतरवावीत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली.

आपल्याकडचे घरगुती उपायही या चौकटीत बसतात. चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ मानले आहेत, आणि झोपेच्या उपायांत तेल लावणे, स्नान, दूध यांच्या बरोबरीने मनाचे सुख आणि झोपेची योग्य वेळ यांचाही समावेश आहे. तळपायाला तूप लावून काशाची वाटी घासली की पाय उबदार होतात. पाय उबदार असले की झोप लवकर लागते, हे १९९९ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी दाखवले: हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता बाहेर पडते आणि शरीराचे आतले तापमान उतरू लागते. झोपेच्या एक-दोन तास आधीच्या गरम पाण्याच्या अंघोळीचा उपयोगही याच वाटेने होतो.

बूट्झिन, स्पीलमन यांच्या पद्धती आणि विचारांना वळण देण्याची तंत्रे मिळून जो उपचार होतो, तोच जुनाट निद्रानाशावर आधी द्यावा, गोळ्यांचा विचार नंतर करावा, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली. आपल्याकडे मात्र गोळीची चिठ्ठी चटकन मिळते आणि नोंदवही कोणी हाती देत नाही. चालू असलेली गोळीही एकदम सोडायची नसते. ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावी लागते. अंथरुणातला वेळ कमी करण्याची पद्धत फिट्स येणाऱ्यांनी, द्विध्रुवी विकार असणाऱ्यांनी, तसेच वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी परस्पर सुरू करू नये. मोठ्याने घोरताना ज्यांचा श्वास अडतो, त्यांचा आजार वेगळा असतो. त्यांनी आधी तपासणी करून घ्यावी.

बाकीच्यांनी सुरुवात सकाळपासून करावी. उठण्याची एक वेळ ठरवावी, ती रविवारीही पाळावी आणि उठल्यावर थोडा वेळ गच्चीत किंवा अंगणात उजेडात उभे राहावे. रात्रीची तयारी तिथून सुरू होते.